निसरड्या डांबरावर ट्रॅक्टरची साखळी दोनच हिवाळ्यांत का संपते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५ हॉर्सपॉवरचा फोर व्हील ड्राइव्ह कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर, पुढे लोडर, म्हणजे बकेट उचलणारे हात, मागे बर्फ सारायचं पातं. टायर आर-४, म्हणजे औद्योगिक नक्षीचे. घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दीडशे मीटर डांबरी वाट, मध्ये दहाला एक असा चढ, गॅरेजसमोर काँक्रीट. हिवाळाभर वाटेवर बर्फाचा कडक थर आणि मध्येमध्ये उघडं डांबर. शिडीसारखी साधी साखळी दोन हिवाळ्यांत तुटली, तिच्या जागी आणलेली दुसरी त्याहून लवकर गेली. आता टिकेल अशी कोणती घ्यावी? आणखी जाड घ्यावी का? पुढच्या चाकांनाही लावावी का?

नवीन साखळी मागवण्याआधी जुनीचा एक तुकडा हातात घ्या आणि उजेडात नीट बघा. गेली बरीच वर्षं मी हिवाळ्यात ट्रॅक्टरने बर्फ काढतोय आणि दुसऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्तही करतोय. साखळी कशाने मेली हे तिच्या कड्याच सांगतात. कडीची बाहेरची बाजू सपाट होऊन आरशासारखी चमकत असेल, तर तिला रस्त्याने घासलंय. बाहेरून कडी जाड आहे, पण दोन कड्या एकमेकींत अडकतात तिथे आतून खोबण पडली असेल, तर साखळी सैल होती आणि कड्या आपसातच घासत होत्या. आकडा, म्हणजे साखळी अडकवायचा हुक, उघडला असेल किंवा कडी ताणून लांबट झाली असेल, तर चाक गरगर फिरून अचानक कोरड्या जागी पकडलं गेलंय. तुमच्या वर्णनावरून मला पहिलं आणि तिसरं, दोन्ही झालेलं दिसतंय.

यात बर्फाचा दोष जवळजवळ नाही. शून्याच्या आसपास बर्फाचा कठीणपणा मोह्जच्या एक ते दहाच्या मापावर जेमतेम दीड असतो, नखाने ओरखडा निघेल इतका. डांबरी रस्त्यातल्या खडीत क्वार्ट्झ असेल तर त्याचं माप ७. म्हणजे साध्या पोलादापेक्षा कितीतरी कठीण. साखळी दिवसभर नुसत्या बर्फावर चालली तर तिला काही होत नाही. उघड्या डांबरावरचा वीस मीटरचा पट्टाच तिला सहाणेवर धरल्यासारखा झिजवतो. म्हणून साखळी निवडताना बर्फावर काय चांगलं चालतं एवढंच बघितलं तर फसगत होते. त्या वीस मीटरवर काय टिकेल, ते आधी बघायचं.

हे दुखणं जुनंच आहे. मोटारी नव्या होत्या तेव्हा लोक चिखलातून आणि बर्फातून निघायला चाकांना दोर गुंडाळत आणि तो दोर थोड्याच अंतरात फाटून जाई. त्यावरून अमेरिकेत हॅरी वीड यांना साखळीची कल्पना सुचली आणि १९०४ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. दोराचं झालं तेच आता मऊ लोखंडाच्या साखळीचं होतंय, एवढाच फरक.

आता जाडीचं. 'आणखी जाड घ्या' हा सल्ला सगळे देतात, कारण तो सोपा आहे. छोट्या बागकामाच्या ट्रॅक्टरच्या साखळीची कडी पाचएक मिलिमीटरची असते, कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरला सात ते आठची मिळते. तुमची जुनी पाचची असेल तर सात-आठवर जाच. पण जाडीपेक्षा पोलाद कसलं आणि त्याला पाणी कसं दिलंय, यावर आयुष्य जास्त ठरतं. साध्या कार्बन पोलादाची आठ मिलिमीटरची कडी उघड्या डांबरावर मेणासारखी उतरते. मिश्र पोलादाची, वरचा थर कठीण केलेली सात मिलिमीटरची कडी तिच्या कितीतरी पुढे जाते. चांगल्या साखळीत वरचं कातडं कठीण आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. सगळीच कडी कठीण केली तर थंडीत एखाद्या दणक्याने काचेसारखी तडकेल. गाभा चिवट असला की ती वाकते, पण तुटत नाही.

जाहिरातीत 'हार्डन्ड' असं सगळेच लिहितात. खरं-खोटं कळायला माझ्या खिशात नेहमी एक बारीक दातांची जुनी कानस असते. आडव्या, म्हणजे टायरवरून आडव्या जाणाऱ्या साखळीच्या एका कडीवर, जमिनीला लागणाऱ्या बाजूला, कानस एकदा हलकेच ओढायची. मऊ पोलाद असेल तर कानस चावते, खर्र आवाज येतो आणि बोटाला चकचकीत भुगा लागतो. कडक कातडं असेल तर कानस काचेवरून गेल्यासारखी घसरते, आवाज बारीक आणि उंच येतो, फार तर रंगाचा थर निघतो. झिंकचा मुलामा असेल तर तो आधी निघू द्या आणि त्याच जागी पुन्हा ओढा. अर्धा मिनिटाचं काम आहे. विकणाऱ्याने तेवढं करू दिलं नाही तर मी ती साखळी घेत नाही.

एक मात्र लक्षात असू द्या. हे कठीण कातडं मिलिमीटरच्या काही दशांशांएवढंच असतं. ते आहे तोवर झीज इतकी मंद असते की हिवाळाअखेर व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं बारीक माप, लावूनही फारसा फरक दिसत नाही. ते संपलं की आतला गाभा भराभर जातो. 'तीन वर्षं काही झालं नाही आणि चौथ्या वर्षी महिन्याभरात संपली' अशी तक्रार मी कितीदा ऐकलीय. त्यात साखळी खराब निघालेली नसते, कातडं संपलेलं असतं. आणि म्हणूनच अशी कडी वेल्डिंगने जोडू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पाणी उतरतं आणि जोडाच्या शेजारची कडी मऊ पडते. आडवी साखळी तुटली की ती अख्खी बदलायची. रस्त्यातल्या रस्त्यात भागवायला जोडकडी चालते, पण तीही घरी येईपर्यंतच.

कडीचा आकारही महत्त्वाचा आहे. गोल सळईची कडी रस्त्याला एका बिंदूवर टेकते, सगळा भार त्या बिंदूवर येतो आणि तिथे ती पटकन सपाट होते. चौकोनी सळईची कडी सुरुवातीपासूनच सपाट टेकते, तिच्या कडा बर्फात रुततात आणि झिजायला पोलादही जास्त असतं. उघडं डांबर आणि बर्फ असा मिलाफ असेल तर मी चौकोनीच सांगतो. त्यातही काही जाती उलटून लावता येतात. एक बाजू झिजली की साखळी पालथी घालायची, म्हणजे आयुष्य दुपटीच्या जवळ जातं. घेतानाच विचारून घ्या. काहींचे आकडे असे असतात की पालथी घातल्यावर त्यांची टोकं टायरच्या भिंतीत घुसतील, त्या पालथ्या घालता येत नाहीत.

काही आडव्या साखळ्यांच्या कड्यांवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पट्टी जोडलेली असते, तिला व्ही-बार म्हणतात. कडक बर्फावर ती दात रोवल्यासारखी चालते आणि मूळ कडीआधी तीच झिजत असल्याने साखळी टिकतेही. नुसत्या टिकाऊपणासाठी विचारलं असतंत तर मी डोळे मिटून व्ही-बार सांगितली असती. पण तुमच्या गॅरेजसमोर काँक्रीट आहे. व्ही-बार लावून तिथे एकदा जागच्या जागी वळलात तर स्टिअरिंगचा प्रत्येक फेरा काँक्रीटवर कायमचा कोरून राहतो. नव्या काँक्रीटच्या कडेचे टवके निघालेले मी पाहिलेत, डांबरावर तर ओळीने चंद्रकोरी उमटतात. व्ही-बारची साखळी पालथीही घालता येत नाही. दगडी फरसबंदी किंवा खालून तापवलेली वाट असेल तर तिचा विचारही नको.

आता मांडणी. तुमच्या दोन्ही साखळ्या शिडीच्या होत्या, आणि मला वाटतं खरा घोळ इथेच झाला. शिडीत दोन बाजूंना लांब साखळ्या आणि त्यांच्यामध्ये पायऱ्यांसारख्या आडव्या साखळ्या असतात. स्वस्त शिडीत बाजूच्या साखळीच्या दर चौथ्या कडीला एक पायरी, बऱ्या शिडीत दर दुसऱ्या कडीला. चार कड्यांच्या शिडीत चाक फिरताना टायर एका पायरीवर चढतो, मग धप्पकन खाली रबरावर उतरतो, रबर बर्फावर किंचित घसरतं आणि पुढची पायरी झटक्याने पकडते. कडक रस्त्यावर बसलात की हे पाठीच्या मणक्याला कळतं. काँक्रीटवर मागे वळून बघा, ठरावीक अंतरावर आडव्या रेघा उमटलेल्या दिसतील, रुळांखालच्या स्लीपरसारख्या. तशी प्रत्येक रेघ म्हणजे एका झटक्याची खूण. त्या क्षणी त्या चाकावरचा सगळा भार एका पायरीच्या दोन-तीन कड्यांवर असतो. त्या झिजणार नाहीत तर काय होणार!

दोन कड्यांची शिडी घेतली की धक्के बरेच कमी होतात, कारण एक पायरी उचलली जाईपर्यंत दुसरी टेकलेली असते. पण शिडीचा दुसरा दोष राहतोच. ती पुढे-मागे पकडते, आडवी घसरण थांबवत नाही. रस्ता एका बाजूला कलता असेल तर मागचं धूड गटाराच्या दिशेने सरकत जातं आणि पायऱ्या घसरगाडीच्या पट्ट्यांसारख्या आडव्या घरंगळतात. पातं तिरकं लावून बर्फ सारताना तर बाजूला ढकलणारा जोर असतोच.

म्हणून आडव्या साखळ्यांना मध्ये लांबीच्या दिशेने जोडणाऱ्या मांडण्या घ्याव्यात. एक 'एच' नमुना, त्यात दोन पायऱ्यांना मधोमध जोडणाऱ्या उभ्या साखळ्या असतात. दुसरी हिऱ्याच्या चौकटींची किंवा षट्कोनी जाळी. जाळीत कुठल्याही क्षणी टायरखाली थोडी ना थोडी साखळी असतेच. त्यामुळे टायर धपकत नाही, भार वाटला जातो आणि बाजूची पकडही मिळते. टिकाऊपणा वाढतो तो मुख्यतः या भार-वाटणीमुळे. नॉर्वेची ट्रिग, ऑस्ट्रियाची पेवाग, जर्मनीची रूड ही या कामातली जुनी नावं आहेत. पण नावापेक्षा कानस आणि व्हर्निअर यांच्यावर माझा विश्वास जास्त.

टायरच्या नक्षीचाही संबंध येतो. शेतीच्या आर-१ टायरला उंच तिरके गुटके असतात आणि शिडीच्या पायऱ्या त्या गुटक्यांमधल्या दरीत जाऊन बसतात. मग साखळी जमिनीला लागतच नाही आणि पैसे पाण्यात. त्या टायरला जाळी किंवा 'एच' नमुनाच लागतो. तुमच्या आर-४ चे गुटके रुंद आणि बुटके आहेत, त्यांच्यावर शिडीही वर राहते. म्हणजे तुम्हाला शिडी लावता येते, पण तेवढ्याने ती तुमच्या कामाची ठरत नाही.

पुढच्या चाकांचा प्रश्न तुम्ही सहज शेवटी विचारलाय, पण जिवाच्या दृष्टीने तोच मोठा आहे. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. फोर व्हील लावलेलं असेल तरच पुढची चाकं शाफ्टमधून त्या ब्रेकला जोडली जातात. आता हिशेब करा. ओल्या नसलेल्या बर्फावर रबराचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, ०.१ च्या आसपास, कोरड्या डांबरावर ०.७ ते ०.८. दहाला एक उतारावर ट्रॅक्टर जागेवर धरायला चारही चाकं ब्रेकला असली तरी सगळा मिळून ०.१ लागतोच. म्हणजे चारही चाकं धरली तरी तुम्ही घसरण्याच्या काठावर उभे आहात. नुसती मागची धरली, उताराने वजन पुढे गेलं आणि त्यात लोडरची बकेट भरलेली असली, तर मागचं चाक अगदी हलकं होतं आणि काठ केव्हाच मागे पडलेला असतो. शून्याच्या जवळ बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो तेव्हा हा आकडा ०.१ च्याही खाली जातो. सर्वात घसरगुंडी त्याच दिवशी असते, कडाक्याच्या थंडीत नव्हे.

यातून काही गोष्टी आपोआप ठरतात. साखळी एकाच धुरीला लावायची असेल तर ती मागेच. नुसती पुढे लावली तर चढताना छान वाटतं आणि उतरताना मागचं टोक पुढे यायला बघतं. उतरताना फोर व्हील लावलेलंच पाहिजे, बकेट जमिनीपासून वीतभरच वर हवी, आणि मागे वजन हवं. वजनाशिवाय साखळी म्हणजे धार लावलेली पण दाबाविना धरलेली सुरी. वजन मागच्या जोडणीला पेटी लावून द्या किंवा टायरमध्ये द्रव भरून. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरत असाल तर ट्यूब घाला, नाहीतर रिम गंजून जाते.

पुढे मात्र मी तुम्हाला साखळी सांगत नाही. कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाभोवती जागाच नसते. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढची धुरी एका बाजूला उचलली गेली की टायर लोडरच्या चौकटीपासून जेमतेम बोटभर राहतो. सपाट जागी उभं राहून बघितलं तर पुष्कळ जागा दिसते, आणि फसगत होते ती इथेच. शिवाय पुढे-मागे वेगवेगळ्या जाडीच्या साखळ्या लावल्या की दोन्ही धुऱ्यांच्या वेगाचं ठरलेलं प्रमाण बिघडतं. बर्फावर चाक थोडं घसरून ते सावरून घेतं, उघड्या डांबरावर फोर व्हील लावलेलं असेल तर सगळा पीळ गिअर आणि शाफ्टवर पडतो. कोरडा पट्टा लांब असेल तर फोर व्हील काढा, उतार लागायच्या आत पुन्हा लावा.

पुढच्या टायरना कार्बाइडच्या टोकाचे स्क्रू-स्टड बसवा. टंगस्टन कार्बाइड खडीतल्या क्वार्ट्झपेक्षाही कठीण, त्यामुळे उघड्या डांबरावर त्यांचं टोक साखळीच्या कितीतरी पुढे टिकतं. जागा लागत नाही, चाकाचा घेर बदलत नाही, स्टिअरिंगला पकड येते. फक्त लांबी नीट निवडा. गुटक्याची खोली मोजा, त्याखाली टायरच्या अंगाचं किती रबर आहे ते उत्पादकाकडून समजून घ्या आणि स्टडची रबरात जाणारी लांबी त्याच्या आत ठेवा. लांब स्टड आत टोचला की हवा हळूहळू जाते आणि महिनाभर कळत नाही. काँक्रीटवर स्टडचेही ओरखडे उठतात, पण पुढचं चाक हलकं असल्याने व्ही-बारच्या मानाने कमी. सगळी वाट सपाट असती तर मी मागेही स्टडच सांगितले असते आणि साखळीचं नावही काढलं नसतं. तुमच्या चढामुळे मागे साखळी लागतेय.

तर निवड अशी : मागे चौकोनी सळईची, सात किंवा आठ मिलिमीटरची, मिश्र पोलादाची, कातडं कठीण केलेली, जाळी किंवा 'एच' नमुन्याची, पालथी घालता येणारी, व्ही-बार नसलेली साखळी. पुढे कार्बाइडचे स्टड.

मागवण्याआधी मापं घ्या. टायरच्या भिंतीवरचा आकडा जसाच्या तसा उतरवा, उदाहरणार्थ १५-१९.५, आणि सोबत आर-४ असल्याचं लिहा. एकाच आकड्याचे आर-१ आणि आर-४ टायर अंगाने वेगळे असतात, दोन कंपन्यांचे तर असतातच. झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातही फरक पडतो. मी सुतळी घेऊन टायरचा बाहेरचा घेर आणि एका भिंतीच्या मध्यापासून नक्षीवरून दुसऱ्या भिंतीच्या मध्यापर्यंतची रुंदी मोजतो आणि दोन्ही कळवतो.

त्याहून महत्त्वाची आहे मोकळी जागा. मडगार्डची आतली बाजू, रोल बारचा पाय, खालच्या लिफ्ट आर्म आणि त्यांचे स्टॅबिलायझर, आणि हायड्रॉलिकचे नळ. साखळीच्या जाडीवर निदान दोन बोटं तरी शिल्लक राहिली पाहिजेत, कारण चाक फिरताना साखळी फुगते. जागा कमी असेल तर काही रिम उलट्या बाजूने बसवून चाकं बाहेर काढता येतात, नाहीतर स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी मधली चकती. एकदा मी घाईत हे न बघता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी लावली. पन्नास मीटरवर फट्‌ आवाज झाला, मागचा दिवा विझला आणि मडगार्डच्या आतून जाणारी वायर साखळीने शेवयांसारखी ओढून बाहेर काढली होती. वायरच होती म्हणून बचावलो. तिथे हायड्रॉलिकचा नळ असता तर भर चढावर बकेट खाली आली असती.

बसवताना साखळी जमिनीवर पसरून तिचे पीळ काढा. आडव्या साखळ्यांच्या आकड्यांची उघडी तोंडं टायरच्या बाहेरच्या दिशेला असली पाहिजेत, आत वळली तर भिंत कापतात. आधी आतली बाजू जोडा, मग बाहेरची. टायरमधली थोडी हवा काढून साखळी ओढून बसवायची आणि पुन्हा हवा भरायची, ही ट्रॅक्टरवाल्यांची जुनी युक्ती चांगली आहे. टायरमध्ये द्रव असेल तर व्हॉल्व्ह वर आणून मगच हवा काढा, नाहीतर बुटात क्लोराइड जातं.

ताण किती? हाताने जोर लावून जितकी घट्ट बसेल तितकी. मग शंभर-दोनशे मीटर चालवून परत ओढायची, कारण तेवढ्यात साखळी आपली जागा घेते. पहिल्या दिवशी हे दोनदा करावं लागतं. रबरी ताणपट्टे सैल होतच जातात, थंडीत कडक पडतात. कॅम किंवा लोखंडी ताणकाटा असलेला बरा. मात्र साखळी रिमला तारेने किंवा बोल्टने बांधून टाकू नका. घट्ट असूनही ती टायरवर हळूहळू सरकली पाहिजे, म्हणजे टायर एकाच जागी घासला जात नाही आणि अडकलेला बर्फही झडतो.

इतकं सगळं करूनही साखळीचं आयुष्य तुमच्या पायात आहे. उघड्या डांबरावर चालीच्या वेगाने जा. चाक गरगरायला लागलं की लगेच पेडल सोडा, पण ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा असेल तर एकदम नव्हे. ते पेडल झटकन सोडलं की ब्रेक लागल्यासारखंच होतं आणि उतारावर मागचं चाक कुलूप पडून घसरतं. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं कुलूप, सरळ जातानाच दाबा, वळताना सोडा. जागच्या जागी वळण्यापेक्षा थोडं पुढे-मागे करून वळा. साखळी जितकी घसरत घासली जाते तितकीच ती झिजते, नुसत्या टेकण्याने फारशी नाही.

वाळूचं एक सांगायचं राहिलं. चढावर वाळू टाकत असाल तर उत्तम, पण वाळूही क्वार्ट्झच, तीही साखळीला घासते. मागच्या जोडणीला पसरणी, म्हणजे वाळू पसरायचं यंत्र असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढा. वाळू आधी पडते, चाक नंतर तिच्यावर येतं, चाक गरगरतच नाही. नुसतं मीठ टाकत असाल तर उणे नऊ-दहाच्या खाली त्याचा उपयोग फारसा नाही, आणि साखळी मात्र गंजते. मीठ लागलेली साखळी हंगामात अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, हंगाम संपला की धुऊन, वाळवून, जुनं तेल लावून टांगून ठेवा. घट्ट झाकलेल्या डब्यात ओली ठेवली की वसंतापर्यंत कड्या एकमेकींना चिकटतात. जस्ताचा मुलामा बाजूच्या साखळ्यांना उपयोगी आहे. जमिनीला लागणाऱ्या कड्यांवरचा तो पहिल्या काही तासांतच जातो, त्यासाठी जास्त मोजू नका.

दर हिवाळ्याच्या सुरुवातीला चार-पाच आडव्या कड्या व्हर्निअरने मोजून गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवा. साधारण तिसरा हिस्सा गेला की साखळी पालथी घाला. मूळ जाडीच्या निम्म्यावर आली की ती बदलायची, मग बाकीची कितीही चांगली दिसो. मोजताना बाहेरची बाजू तर बघाच, पण दोन कड्या ताणून वेगळ्या करा आणि त्यांच्या सांध्याच्या आतली जाडीही मोजा. तिथली झीज बाहेरून दिसत नाही आणि कडी बहुतेक वेळा तिथेच तुटते. मोजायला मागच्या उजव्या-डाव्या दोन्ही चाकांच्या कड्या घ्या. तुमची वाट एका अंगाला कलती असेल तर खालच्या बाजूचं चाक जास्त भार घेतं, आणि त्याची साखळी आधी जाते. तेवढ्यासाठी मध्येच एकदा उजवीची साखळी डावीकडे बदलून लावली तरी चालते, आकड्यांची तोंडं बाहेरच राहतील एवढं बघा.